आधी आधार, मग बोल्ट

ट्रकला चॅसी असते. बहुतेक ट्रॅक्टरांना ती नसते. १९१७ च्या फोर्डसनपासून रूढ झालेल्या रचनेत इंजिन, क्लचचे घर आणि गिअरबॉक्स बोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात. तोच ट्रॅक्टरचा कणा. क्लचप्लेट झिजली की हा कणाच मधोमध सोडवावा लागतो.

बँकेत ट्रॅक्टरची कर्जप्रकरणे करताना आम्ही सातबारा पाहिला, जामीनदार पाहिले, पिकाच्या हंगामानुसार हप्ते बांधले. त्या धुडाखाली वाकणाऱ्या माणसासाठी मात्र अर्जात रकाना नव्हता.

पुढचा आस मधल्या एका पिनवर झुलतो, खाचखळगे झेलावेत म्हणून. शेतातला हा गुण ट्रॅक्टर सुटा होताच घात करतो. मागची पकड गेली की इंजिन कुशीवर कलंडते. म्हणून आसाच्या वर, दोन्ही बाजूंना, लाकडी पाचरी घट्ट ठोकायच्या. जमीन सपाट, टणक हवी. बॅटरीची तार काढलेली, न हलणाऱ्या भागाच्या चाकांना ठोकळे, दोन्ही धडांखाली भक्कम स्टँड. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे.

जोडताना शाफ्टचे दाते बसेनात, तर बोल्ट आवळून भाग ओढू नयेत. प्लेट वाकते, बिडाचे घर तडकते. फ्लायव्हील हाताने किंचित फिरवावे.

मृगाची घाई सर्वांनाच असते. पण हप्ता पुढे ढकलता येतो. इंजिनाखाली चिरडलेला हात कोणती बँक परत देणार?