काळा धागा, रबरी कातडे आणि हरवलेला गोगोला

1956 साली राज्यपुनर्रचना झाली आणि हुबळी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. सिनेमाच्या धंद्याने मात्र ही वाटणी कधी मनावर घेतली नाही. वितरकांच्या वहीत धारवाड-बेळगावचा पट्टा मुंबई सर्किटमध्येच राहिला. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीला लागणारे होमी वाडियांचे जादूपट आमच्याकडेही लागत, आणि दुसऱ्या अंगाने मद्रासच्या स्टुडिओंतली भुतेखेते येत. जुन्या हुबळीतल्या आम्हा मराठी पोरांची अशी दोन्हीकडून चंगळ होती. राक्षस कुठल्या भाषेत गुरगुरतो याची चौकशी कोण करतो?

आपल्याकडे या साऱ्याची सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून होते. सिनेमात येण्याआधी ते जादूचे प्रयोग करीत, तेही स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. ‘लंकादहन’ (1917) मधला हनुमान आणि ‘कालियामर्दन’ (1919) मधला नाग हे त्या जादूगाराचेच पुढचे खेळ. कालियाशी झुंजणारा कृष्ण म्हणजे त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळके तिला कृष्णाच्या सोंगाआधी, साध्या रूपात दाखवतात, तिच्या चेहऱ्यावरचे भाव दाखवतात आणि मग गोष्टीला हात घालतात. सोंग कोणी घेतले आहे ते आधीच सांगून टाकायचे आणि तरीही प्रेक्षकाला पुढच्या झुंजीत गुंतवायचे, ही हिंमत आजच्या कोट्यवधींच्या संगणकी अजगरात मला दिसत नाही.

पुढचे मोठे नाव बाबूभाई मिस्त्रींचे. सुरतेचा हा माणूस. विजय भट्टांच्या ‘ख्वाब की दुनिया’ (1937) मध्ये अदृश्य माणसाची करामत दाखवायची होती. मिस्त्रींनी काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्यांनी वस्तू हलवल्या. काळ्यावर काळे कॅमेऱ्याला दिसत नाही, एवढेच त्यातले शास्त्र. तेव्हापासून त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. वाडियांच्या ‘अलादीन और जादुई चिराग’ (1952) आणि ‘हातिमताई’ (1956) मधल्या करामती त्यांच्याच. अशा चित्रपटांत अवाढव्य जिन दाखवायचा तर हुकमी युक्ती एकच: नटाला काळ्या पडद्यापुढे कॅमेऱ्याच्या जवळ उभे करून चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच लांबून बाकीच्यांचे दृश्य घ्यायचे. दोन्हींची नजर जुळली नाही तर जिन भलतीकडेच बघून डोळे वटारतो. तशी गफलत पडद्यावर दिसली की थर्ड क्लासमधून शिट्ट्या पडत, आणि त्या हेटाळणीच्या नसत.

याच काळात परदेशी अजस्र प्राण्यांची हवा इकडे आली. 1933 च्या ‘किंग काँग’मध्ये विलिस ओब्रायनने हातभर उंचीचा सांगाडा सशाच्या कातड्याने मढवून एकेक फ्रेम हलवला. दर वेळी बोटे लागल्याने त्याची लव विस्कटे, म्हणून पडद्यावर काँगच्या अंगावर सतत वारा सुटल्यासारखा दिसतो. त्याचा शिष्य रे हॅरीहाउसेन याने 1955 साली समुद्रातला ऑक्टोपस केला, पण खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी त्याला आठऐवजी सहाच पाय ठेवले. जपानच्या तोहो कंपनीपाशी 1954 साली ‘गॉडझिला’ काढताना एकेक फ्रेम हलवत बसायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. एजी त्सुबुरायाने सरळ हारुओ नाकाजिमाला सुमारे शंभर किलोच्या रबरी कातड्यात घातले आणि छोट्या टोकियोत सोडले. कॅमेरा वेगाने चालवून ते चित्रण नेहमीच्या गतीने दाखवले की पाऊल जड पडते, लाकडाची इमारतही काँक्रीटसारखी कोसळते. आतला माणूस घामाने निथळत असे. गॉडझिलाची डरकाळी तर कातडी हातमोज्याला राळ लावून, तो डबल बासच्या सैल केलेल्या तारांवरून ओढून काढलेली आहे.

माझा कल उघड या रबरी कातड्याकडे. हॅरीहाउसेनची कारागिरी कितीही श्रेष्ठ असली तरी सोंगात शिरलेला माणूस आम्हाला जवळचा. आमच्या भागात मोहरमला अंग रंगवलेले वाघ नाचतात, दोड्डाट या लोकनाट्यात डोक्यावर भलेथोरले किरीट चढवून राक्षस रात्रभर गर्जतात. सिद्धारूढ मठाच्या जत्रेच्या दिवसांत तंबूतल्या एका सिनेमात आमची आजी राक्षस बघून म्हणाली होती, “आत माणूस हाय की रे, पाय बघ की त्याचे.” आणि मग डोळ्यांवर पदरही घेतला होता.

मुंबईने परदेशी अजस्र प्राण्यांची ही लाट लगेच उचलली. मिस्त्रींचा ‘किंग काँग’ (1962) नावापुरताच. खरा माल दारासिंगच्या कुस्तीचा. मोहम्मद हुसेन यांच्या ‘शिकारी’त (1963) मात्र अजित-हेलनबरोबर खरोखरीचा राक्षसी वानर आहे. तो काही फार भीतिदायक नाही, पण जी. एस. कोहलींच्या गाण्यांसाठी आजही बघवतो. दक्षिणेकडून बी. विठ्ठलाचार्य आले. उडुपीकडचा हा कन्नड माणूस 1951 च्या कन्नड ‘जगन्मोहिनी’च्या कंपनीत भागीदार होता, आणि 1978 साली त्याने हीच गोष्ट तेलुगूत पुन्हा काढली. थोडक्या पैशांत सांगाडे नाचवावेत ते त्यानेच.

आणि 1966 साली आला ‘गोगोला’. बलवंत दवे दिग्दर्शक, आझाद आणि तबस्सुम पडद्यावर, आणि समुद्रातून मुंबईवर चालून येणारा आपला देशी गॉडझिला. जाहिराती आणि रॉय-फ्रँक जोडीची गाणी उरली आहेत, पण चित्रपट आज कुठेच पाहायला मिळत नाही. फाळक्यांचा 1919 चा नाग आपण पाहू शकतो आणि त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी आलेला गोगोला पाहू शकत नाही, हे मला खटकते. स्वस्त चित्रपटांच्या प्रिंट झिजेपर्यंत फिरवल्या जात आणि मग कोणी त्यांना विचारीत नसे.

म्हणून एक विनंती. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, मिरज या पट्ट्यात जुन्या थिएटरवाल्यांची आणि वितरकांची घरे आहेत. माळ्यावर, गोदामात फिल्मचे डबे असतील तर भंगारात घालू नका. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म खराब व्हायला लागली आहे असे समजा. ती उलगडून बघू नका, उन्हात तर ठेवूच नका. डब्यावरचे नाव लिहून घ्या आणि पुण्याला, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. गाण्यांची चोपडी सापडली तरी कळवा.