सिस्टर आधी कोणाच्या खाटेकडे जाते?

या पानात आपण लागण, खोडवा, ठिबक यांवर नेहमी वाचता. या वेळी विषय वेगळा आहे, पण आपल्या घरातलाच. गटात फिरताना दवाखान्याची गोष्ट निघाली की एक तक्रार हमखास ऐकू येते : "आमचा पेशंट रात्रभर कण्हत होता, आणि सिस्टर मात्र कोपऱ्यातल्या गप पडलेल्या माणसाजवळच उभी!"

तक्रार करणाराचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्याला दोष नाही. पण सिस्टरचे गणित आपल्याला परके नाही. तोडणीचा प्रोग्राम लागणीच्या नोंदीप्रमाणे चालतो. तरी कोणाचा ऊस जळाला तर त्याला तोड आधी देतात, कारण त्याचे वजन आणि उतारा दिवसागणिक घटतो. गट ऑफिसात कोण किती ओरडतो यावर ते ठरत नाही (निदान ठरू नये!). वॉर्डात हेच तासाच्या हिशोबाने चालते. कण्हणाऱ्याचा श्वास चालू आहे हे सिस्टरला दारातूनच कळते. गप पडलेल्याचे मात्र जवळ जाऊनच बघावे लागते.

डॉक्टर निदान करतात, औषध लिहितात, राऊंड घेऊन जातात. चोवीस तास खाटेजवळ असते ती सिस्टर. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचे की अजून अर्धा तास नाडी बघायची, हे तिलाच ठरवावे लागते. साखरेच्या पेशंटचे इन्सुलिन लिहिलेले आहे, पण तो उलट्यांमुळे जेवलाच नाही. अशा वेळी सुई तशीच टोचली तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून ती आधी रक्तातली साखर तपासते आणि डॉक्टरांना विचारते. आपण म्हणतो, "सुई द्यायला उशीर केला."

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. उसात उंदीर, आणि उंदरामागे घोणस. हंगामात तोडणी मजूर कोप्यांत जमिनीवर झोपतात, तिथे रात्री मण्यार येते. मण्यार चावली तर सूज जवळजवळ नसते, दुखतही फारसे नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप झाली नाही. सिस्टर मात्र त्याला वर बघायला सांगते, एका दमात आकडे मोजायला लावते. मघाशी वीसपर्यंत गेलेला आता बारावर थांबला, तर विष श्वासाच्या स्नायूंवर चढते आहे. अशा माणसाला "झोपू द्या" म्हणणे जिवावर बेतते.

घोणसाचे वेगळे. तिच्या विषाने रक्त गोठत नाही. कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात, मग नळी कलती करून बघतात. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे असे समजायचे. अशा पेशंटला दंडात-कमरेत सुई टोचत नाहीत, कारण आत रक्त साचते. लघवी मोजतात, कारण मूत्रपिंडाला धोका असतो. सर्पविषावरच्या लसीचे सलाइन सुरू झाले की सुरुवातीला सिस्टर खाटेजवळून हलत नाही. अंगाला खाज सुटली, गांधी उठल्या, धाप लागली, तर सलाइन त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांना हाक मारावी लागते. तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबलेच पाहिजे.

फवारणीचे औषध पोटात गेलेल्या माणसाचेही तसेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बोलू लागतो, आपण "वाचला" म्हणून गावी फोन करतो. सिस्टर त्याला उशीवरून मान उचलायला सांगते. मान उचलत नसेल तर पुढचा नंबर श्वासाचा.

ऑपरेशनच्या वॉर्डात निर्णय आणखी बारीक असतात. हर्नियाचा पेशंट तळमळतो, आपण दुखण्याची सुई मागतो. सिस्टर आधी नाडी, रक्तदाब, श्वास बघते, मग पोटाखाली हात लावते. कमरेत भूल दिल्यावर लघवी तुंबते आणि माणूस त्यानेच तळमळतो. पट्टी वरून कोरडी दिसली तरी ती पाठीखाली हात घालून बघते, कारण रक्त उताराकडे ओघळते. नाडी वाढते आहे, अंग गार-घामेजलेले आहे, पेशंट उगाच बेचैन आहे, तर रक्तस्राव आतही असू शकतो. आणि एक : "घोटभर पाणी द्या हो" म्हणून चोरून पाजू नका. भूल पुरती उतरलेली नसताना उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. उठवून चालवायला सांगितले तर मात्र "टाके तुटतील" म्हणून अडवू नका. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात.

हे बघणे शिकता येते. आपल्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावातल्या बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केल्या. कोणाला गावात सांभाळायचे आणि कोणाला दवाखान्यात धाडायचे हे त्या ठरवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याकडून सिस्टरला हवी असते ती माहिती. दंश किती वाजता झाला, शेवटचे कधी खाल्ले, लघवी कधी झाली, रोजच्या गोळ्या कोणत्या, दारू किती, गावठी औषध काय दिले. लाज धरून लपवू नये. फवारणीच्या औषधाची बाटली लेबलासकट न्यावी. साप मारून पिशवीत घालून नेऊ नये, त्यात दुसऱ्याला दंश होतो. दंशाच्या जागी घट्ट आवळू नये, कापू नये. हातपाय हलू न देता १०८ नंबरची गाडी बोलवावी. सिस्टरशी घरच्या एकानेच बोलावे, आणि वेळा तोंडी न ठेवता लिहून द्याव्यात. कागद नसेल तर ऊसपावतीची मागची कोरी बाजूही चालते.