पट्टा शाबूत, यंत्र गायब

20 एप्रिल 1964. प्रिटोरियाच्या ‘पॅलेस ऑफ जस्टिस’मध्ये रिव्होनिया खटल्यातल्या बचाव पक्षाचं काम सुरू झालं आणि पहिले आरोपी नेल्सन मंडेला बोलायला उभे राहिले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन शपथेवर साक्ष दिली असती, तर सरकारी वकील पर्सी युटार यांची उलटतपासणी ओघानं आलीच असती. त्यापेक्षा आरोपीच्या जागेवरूनच निवेदन वाचायचं, असं ठरलं होतं. सुमारे तीन तास ते संथपणे, जवळजवळ एकसुरी आवाजात वाचत राहिले. शेवटी, ज्या आदर्शासाठी जगायचं त्यासाठी वेळ आलीच तर मरायचीही तयारी आहे, अशा अर्थाचं वाक्य बोलून ते खाली बसले. पुढे 12 जूनला मंडेलांसह आठ जणांना जन्मठेप झाली. जगाला त्यांचा आवाज पुन्हा थेट ऐकायला मिळाला तो 11 फेब्रुवारी 1990 ला, सुटकेच्या दिवशी.

हे भाषण छापील स्वरूपात जगभर गेलं. आवाज मात्र प्रिटोरियातच राहिला, प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांवर उमटलेला. तो तिथं कुणी इतिहासासाठी जपला नव्हता. न्यायालयातलं कामकाज टंकलिखित करणाऱ्यांना मागेपुढे करून ऐकता यावं, एवढ्यासाठीच ते यंत्र चालू होतं. नेत्यांच्या आवाजाचे मोलाचे साठे पुष्कळदा असेच, कुठल्यातरी कारकुनी सोयीचं उपउत्पादन म्हणून मागे राहिलेले असतात. समारंभपूर्वक जपायला घेतलेल्या फितींपेक्षा ते मला जास्त विश्वासार्ह वाटतात, कारण तिथं माइकसाठी कुणी आवाज लावलेला नसतो.

या पट्ट्याचं नाव डिक्टाबेल्ट. डिक्टाफोन कंपनीनं तो 1947 मध्ये बाजारात आणला. साडेतीन इंच रुंद, फुटभर घेराचा आणि जाडी इंचाच्या पाच सहस्रांशाएवढी. दोन रुळांवर ताणून फिरणाऱ्या या मऊ प्लास्टिकवर आवाजाबरोबर थरथरणारी सुई दाब देत जाते आणि बारीक चर उमटतो. मेणाच्या नळकांड्यात किंवा लाखेच्या तबकडीत सुई पदार्थ कोरून काढते. इथं कोरणं नाही, फक्त दाबणं आहे, त्यामुळे भुसा पडत नाही. एकदा उमटलेला चर पुसताही येत नाही. चुंबकीय फीत चुकून पुसली जाऊ शकते, हा पट्टा नाही. कचेऱ्या, पोलीस आणि न्यायालयं यांना नेमकं हेच हवं होतं.

कंपनीच्या जाहिरातीत आणखी एका गुणाची फुशारकी असे: पट्टा चपटा करून साध्या पाकिटात घालून टपालानं पाठवता येतो. नुकसानीचं मूळ नेमकं याच सोयीत होतं. वर्षानुवर्षं चपटा पडून राहिलेला पट्टा ताठर होतो आणि दोन्ही टोकांना कायमची घडी पडते. मग जुन्या यंत्रावर चढवला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुईला उंचवटा लागतो. ती उडते, एखादा चर ओलांडून पुढच्यात पडते किंवा मागच्यात येऊन तेच शब्द पुन्हा म्हणू लागते. शिवाय प्लास्टिक मऊ असल्यामुळे प्रत्येक वेळी वाजवताना चर थोडा झिजतो. म्हणजे ऐकणं हीच झीज.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण डॅलसचं. नोव्हेंबर 1963 मध्ये केनेडींची हत्या झाली तेव्हा तिथल्या पोलिसांच्या बिनतारी संभाषणाची एक वाहिनी डिक्टाबेल्टवर नोंदली जात होती. त्या पट्ट्यावरचे ठोके म्हणजे चार गोळ्यांचे आवाज आहेत, असा निष्कर्ष काढून अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं 1979 मध्ये दुसऱ्या बंदूकधाऱ्याची शक्यता मांडली. 1982 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन रॅम्सी यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानं ती खोडून काढली. पट्ट्यावर त्याच क्षणी झिरपलेलं दुसऱ्या वाहिनीवरचं बोलणं ओळखू आलं, आणि त्यावरून ते ठोके गोळीबारानंतर सुमारे मिनिटभरानं उमटल्याचं दिसलं. पट्टा कितीदा वाजला, सुई कुठे उडली, हे प्रश्न त्या वादात सतत डोकावत राहिले.

रिव्होनियाच्या पट्ट्यांची अडचण आणखी साधी होती. पट्टे शाबूत होते, ते वाजवणारी यंत्रं राहिली नव्हती. डिक्टाबेल्टचं उत्पादन 1980 च्या आसपास थांबलं. कॅसेट त्याआधीच घरोघरी पोहोचली होती. गंमत अशी की फिलिप्सनं कॅसेट पहिल्यांदा दाखवली ती 1963 मध्ये, आणि ज्या छाप्यातून हा खटला उभा राहिला, तो रिव्होनियाच्या लिलीज्लीफ शेतावरचा पोलिसांचा छापाही त्याच वर्षी पडला, 11 जुलैला. न्यायालयानं आवाज नोंदवायला सुरुवात केली तेव्हाच त्या तंत्राचा वारसदार जन्माला आला होता.

2000 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं मंडेलांच्या भाषणाचे पट्टे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे पाठवले आणि तिथल्या ध्वनितंत्रज्ञांनी ते अंकीय स्वरूपात उतरवले. आज माहितीपटांत ऐकू येणारा तो खरखरीत, दुरून आल्यासारखा आवाज तिथून आलेला आहे. ही कामगिरी मोठीच. पण खटल्याचे एकूण पट्टे होते 591. एका माणसाच्या तीन तासांसाठी ते जगाच्या दुसऱ्या टोकाला गेले; सहआरोपी वॉल्टर सिसुलूंची दिवसेंदिवस चाललेली उलटतपासणी, गोव्हन म्बेकींची साक्ष, अहमद कथराडांची उत्तरं, न्यायमूर्ती क्वार्टस डी वेट यांचे मधले शेरे, हे सगळं आणखी दशकभराहून अधिक काळ मुकं राहिलं. 2007 मध्ये युनेस्कोनं या खटल्याची कागदपत्रं ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत घेतली, तरीही.

प्रसिद्ध भाषण आधी, बाकीचं जमेल तेव्हा, हा क्रम कुठल्याही अभिलेखागारात दिसतो आणि पैशांच्या हिशेबात तो समजण्यासारखाही आहे. मला तो उलटा वाटतो. मंडेलांच्या निवेदनाची संहिता शब्दशः उपलब्ध होती. ध्वनिमुद्रण हरवलं असतं तरी भाषण हरवलं नसतं. युटार आणि सिसुलू यांच्या खडाजंगीत मात्र अर्थ शब्दांइतकाच सुरात आहे. कोण कुणाला तोडतंय, प्रश्नानंतर किती वेळ शांतता आहे, ‘नाही’ हे ठाम आहे की थकलेलं, हे टंकलेखक कागदावर कसं आणणार?

उरलेल्या पट्ट्यांचं काम फ्रान्सच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेनं, म्हणजे ‘इना’नं केलं आणि 2016 मध्ये त्याच्या अंकीय प्रती दक्षिण आफ्रिकेला सुपूर्द झाल्या. भरला सव्वादोनशेहून अधिक तासांचा आवाज. यासाठी वापरलेलं यंत्र आरी शामू या फ्रेंच संशोधकाचं. त्यांनी 1990 च्या दशकात मेणाच्या जुन्या नळकांड्यांसाठी ‘आर्केओफोन’ बनवलं होतं, तेच डिक्टाबेल्टसाठी जुळवून घेतलं. जुनं यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा नवं बनवणं का बरं, तर जुन्या यंत्राची सुई जड असते, वेग डळमळतो आणि ताणलेल्या पट्ट्यावर घड्या तशाच उठून राहतात. नव्या यंत्रात सुईचा भार हलका ठेवता येतो, वेग सावकाश बदलता येतो आणि सुईच्या टोकाची जाडीही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. जुनी सुई चराच्या भिंतीला ज्या उंचीवर टेकत होती तिथं झीज झालेली असते. थोड्या वेगळ्या मापाची सुई त्याच भिंतीच्या न झिजलेल्या भागावर टेकते आणि तोच चर जास्त स्वच्छ बोलू लागतो.

सुईच नको असेल तर दुसरा मार्गही आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चराचे अतिसूक्ष्म फोटो घेऊन त्या आकारावरून संगणकानं आवाज काढण्याची पद्धत विकसित केली. तुटलेल्या तबकड्यांनाही ती चालते, कारण वस्तूला काहीच स्पर्श होत नाही. तिच्यामुळेच अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा 1885 सालचा आवाज 2013 मध्ये ऐकायला मिळाला. मात्र ती वेळखाऊ आहे. शेकडो पट्ट्यांचा ढीग समोर असेल, तर सुईच बरी.

सुईकडून आलेला विद्युत संकेत संगणकात जाताना किती बारकाईनं मोजायचा? डिक्टाबेल्टवर माणसाच्या आवाजाचा साधारण टेलिफोनइतकाच पल्ला उमटतो, काहीशे हर्ट्झपासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत. तत्त्वतः त्याच्या दुपटीनं, म्हणजे सेकंदाला सात-आठ हजार वेळा मोजलं तरी पुरेसं. तरीही अशा कामात सेकंदाला 96,000 वेळा, प्रत्येक माप 24 बिट, हा दंडक जगभरातल्या ध्वनिसंग्रहात रूढ आहे. ही उधळपट्टी नव्हे. पट्ट्यावरचा ओरखडा म्हणजे सेकंदाच्या अगदी लहान अंशात येऊन गेलेला कडाका. बारीक मोजलं तर त्याचा आकार स्पष्ट दिसतो, तो बोलण्यापासून वेगळा काढता येतो. जाड मोजलं तर कडाका आणि ‘ट’ एकमेकांत मिसळतात. याची किंमतही फार नाही: एका वाहिनीचा तासभर आवाज सुमारे 1 जीबी जागा घेतो. अख्खा रिव्होनिया खटला अडीचशे जीबीच्या आसपास, म्हणजे हल्लीच्या एखाद्या बऱ्या मोबाइलमध्ये मावेल एवढा.

त्यानंतर खरं धर्मसंकट येतं: साफ किती करायचं? अनुभवी माणसं दोन संच ठेवतात. मूळ संचात खरखर, खोकला, कागदाची सळसळ, घडीचे ठोके सगळं जसंच्या तसं. त्याला कुणी हात लावत नाही. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. हा नियम आता पूर्वीपेक्षा जास्त कडक पाळावा लागेल, कारण आवाज उजळ करणारी नवी सॉफ्टवेअर खरखर नुसती काढत नाहीत, तर हरवलेल्या जागी काय असावं याचा अंदाज बांधून भरतातही. ‘स’ आणि ‘फ’ यांच्यातला फरक मुख्यतः चार हजार हर्ट्झच्या वरच्या भागात असतो, म्हणूनच फोनवर नाव सांगताना आपण ‘सफरचंदातला स’ म्हणतो. डिक्टाबेल्टवर तो भाग उमटलेलाच नाही. सॉफ्टवेअर तिथं लख्ख ‘स’ घालून देईल आणि ऐकणाऱ्याला शंकाही येणार नाही. लग्नाच्या चित्रफितीत हे चालेल. न्यायालयाच्या नोंदीत, एखाद्या आरोपीच्या तोंडच्या नावात, मुळीच चालणार नाही.

2018 मध्ये या ध्वनिमुद्रणांवर एक फ्रेंच माहितीपट आला, ‘द स्टेट अगेन्स्ट मंडेला अँड द अदर्स’. त्यात हयात असलेले काही आरोपी हेडफोन लावून अर्धशतकापूर्वीचा स्वतःचाच आवाज ऐकताना दिसतात. कथराडा मार्च 2017 मध्ये गेले. काम आणखी वर्षभर रेंगाळलं असतं, तर त्यांच्या वाट्याला हे ऐकणं आलं नसतं.

आपल्याकडे पाहिलं तर डिक्टाबेल्टची जागा कॅसेटनं घेतलेली आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी सभांचे, शिबिरांचे, जयंतीच्या व्याख्यानांचे आवाज कार्यकर्त्यांच्या घरी, माळ्यावर, बुटांच्या खोक्यात आहेत. चुंबकीय फितीचे रोग वेगळे. चुंबकीय भुकटीला धरून ठेवणारा गोंद दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो, बुरशी धरते. काही जुन्या रिळांना व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, म्हणजे फितीचा ॲसिटेटचा पायाच विघटित होतोय. विशिष्ट प्रकारची चिकट झालेली स्टुडिओ-रिळं तज्ज्ञ पन्नासेक अंश तापमानात काही तास सुकवून तेवढ्यापुरती वाजवण्याजोगी करतात. हा प्रयोग घरच्या ओव्हनमध्ये करू नये आणि ॲसिटेटच्या फितीवर तर कुणीच करू नये. घरी करण्यासारखं एवढंच: कॅसेट उभ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात, कडेची ध्वनिमुद्रणासाठीची छोटी प्लास्टिकची खुंटी मोडून टाकावी म्हणजे चुकून पुसल्या जाणार नाहीत, आणि खोक्यावर तारीख, गाव, वक्ता लिहावा. तारीख नसलेला आवाज अभ्यासकाला फार थोडा उपयोगी पडतो.

आणि चांगला चालणारा कॅसेट प्लेयर भंगारात घालू नये. ध्वनिसंग्रह सांभाळणारे लोक माध्यमाइतकीच यंत्रांची, सुट्या पट्ट्यांची, रबरी चाकांची, ती दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची काळजी करतात.

अंकीय प्रत झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. मोठ्या संस्था अशा फायली पुष्कळदा एलटीओ नावाच्या चुंबकीय फितीवरच ठेवतात, कारण मोठ्या साठ्याला ती स्वस्त पडते. प्रत्येक फायलीबरोबर गणितानं काढलेला एक लांबलचक आकडा असतो. फायलीतला एक बिट जरी बदलला तरी पुन्हा काढलेला आकडा जुळत नाही आणि मग दुसऱ्या शहरातली प्रत मागवावी लागते. ही तपासणी ठरावीक काळानं करतच राहायची असते, फिती पुढच्या पिढीच्या फितींवर उतरवायच्या असतात. एलटीओची पहिली पिढी आली 2000 मध्ये, मंडेलांचे पट्टे लंडनला गेले त्याच सुमारास. 2007 मध्ये चौथी पिढी आली, आणि त्या नव्या यंत्रात पहिल्या पिढीची फीत वाचण्याची सोय नव्हती.