कारणाचा रकाना

गेल्या मे महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे उन्हाळी शिबिर धुळे तालुक्यातील एका खेड्यात होते. शाळा सुटलेल्या मुलांच्या पाहणीचे काम माझ्याकडे आले. छापील कागदावर शेवटचा रकाना ‘कारण’ असा होता. पहिल्याच दिवशी नऊ घरांपुढे ‘पालकांची अनास्था’ असे लिहून मी मोकळा झालो. संध्याकाळी सरांनी कागद चाळले आणि एवढेच विचारले, “हे तुला त्यांनी सांगितले, की तूच ठरवलेस?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरांत गेलो. आता प्रश्न कमी विचारले, बसलो अधिक. एक बाई चुलीपुढून म्हणाल्या, “पोऱ्यास्ले कोनाजोडे ठेवसूत, भाऊ?” मुलांना ठेवायचे कोणाजवळ? माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा प्रश्न समजायचा तर ऊसतोडीचा हिशेब समजला पाहिजे.

खान्देशातून दरवर्षी अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. हंगामापूर्वी, हात रिकामा असताना, मुकादम उचल देतो. ती आजारपणात, लग्नात, जुन्या देण्यात जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल जोडीवर मिळते. आई मुलांसाठी घरी राहिली तर कोयताच मोडतो. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी धरून उचल फेडायची. खाडे पडले आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते.

हा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र नेमके त्यातच जाते. मागे सांभाळणारे कोणी नसेल तर मुले बिऱ्हाडाबरोबर फडावर जातात. थोरली मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळते. परत आल्यावर वर्गातली मुले पुढे गेलेली असतात.

त्या घरात मोबाइल पाहून, ‘याला पैसे आहेत, वहीला नाहीत!’ असे माझ्या मनात आले होते. नंतर कळले की मुकादमाचा निरोप त्यावरच येतो आणि गावी राहिलेल्या म्हातारीची खुशालीही त्यावरच कळते.

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतील ४६४ लहान ऊस-शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी तोडणीपूर्वी, पैशाची ओढ असताना, आणि तोडणीनंतर घेतली होती. आधीच्या चाचणीत तेच शेतकरी कमी पडले. माणसे तीच, डोकी तीच. पैशाची विवंचना मनाची बरीचशी जागा व्यापते, असा अर्थ संशोधकांनी लावला. आपण ज्याला सहज ‘बेफिकिरी’ म्हणतो, ती कधीकधी फार फिकीर असल्याची खूण असते.

याचा अर्थ गरिबाचे सारेच बरोबर, असा नव्हे. त्या नऊ घरांपैकी एका घरी उचलीचा मोठा भाग दारूत गेला होता. पण बापाला दोष दिल्याने तेथल्या मुलीची शाळा सुरू होत नव्हती.

कारण काय लिहितो, यावर उपाय ठरतो. ‘अनास्था’ लिहिले की उपाय व्याख्यानाचा. ‘मागे सांभाळणारे नाही’ लिहिले की गावातल्या हंगामी वसतिगृहाचा. ‘गावात काम नाही’ लिहिले की रोजगाराचा. १९७२ च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या आणि १९७७ साली कायद्याचे रूप घेतलेल्या रोजगार हमी योजनेमागे हाच विचार होता. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. २०२१ साली राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. पण हक्क आणि योजना घरापर्यंत पोचायच्या तर पाहणीचा कागद तरी खरा असायला हवा.

चौथीत माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा दिवाळीनंतर दिसेनासा होई. आम्ही त्याला ‘दिवाळीचा पाहुणा’ म्हणून हसायचो. पाचवीत तो आलाच नाही. तो कोठे जात असे, हे आमच्यापैकी कोणीही त्याला कधी विचारले नव्हते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी ते नऊ शेरे मी खोडले. नवी कारणे त्या अरुंद रकान्यात मावेनात. म्हणून कागद उलटून पाठीमागे लिहिली.