लायसीन क्रमांक ५५१

पुण्याच्या पाषाण भागात, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे २००६ साली स्थापन झालेल्या व सर्वत्र ‘आयसर’ या नावाने परिचित असलेल्या संस्थेत, प्रा. गिरीश रत्नपारखी व त्यांचे विद्यार्थी फळमाशीच्या पेशींमध्ये ज्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत आले आहेत, तो प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. एखाद्या प्रथिनाला ‘सुमो’ नावाचे चिमुकले प्रथिन जोडले जाते, ते नेमके कोणत्या जागी?

प्रथिन घडले म्हणजे त्याचे कार्य कायमचे ठरून गेले, असे पेशीत होत नाही. घडलेल्या प्रथिनावर पेशी मागाहून अनेक संस्कार करते, आणि त्यांपैकी एका प्रकारात दुसरे लहानसे प्रथिनच त्याला जोडून टाकते. अशा जोडप्रथिनांत ज्येष्ठ मान युबिक्विटिनचा. अवघ्या ७६ अमिनो आम्लांच्या या रेणूची साखळी ज्या प्रथिनावर चढते त्याची बहुधा विघटनाकडे रवानगी होते, हे उलगडून दाखविल्याबद्दल सिकॅनोव्हर, हर्श्को व रोझ या तिघांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमो हा त्याचाच भाऊबंद. परंतु तो सहसा विनाशाचा हुकूम आणीत नाही, तर प्रथिनाचे वास्तव्य, सहवास आणि क्रियाशीलता यांत फेरबदल घडवितो. दोहोंच्या शेपटाकडील ग्लायसीन हे लक्ष्य प्रथिनातील लायसीन या अमिनो आम्लाशी जोडले जाते, आणि एकेका प्रथिनात अशी लायसिने कित्येक असतात.

राळेगणसिद्धीत काय किंवा पारनेर तालुक्यातील अन्य कोणत्याही गावात काय, कर्जाचा बोजा अमुक खातेदाराच्या जमिनीवर आहे एवढे सांगून भागत नाही. तो कोणत्या गटावर चढला हे सातबाऱ्यावर नोंदलेले असावे लागते, आणि फेड झाल्यावर तो त्याच गटावरून कमी करावा लागतो. सुमोचीही गत अशीच आहे. त्याला जोडणारी विकरे आहेत तशी सोडविणारीही आहेत, आणि कोणत्याही एका क्षणी प्रथिनाच्या एकूण साठ्याचा अल्पसा अंशच सुमोयुक्त असल्यामुळे, पेशी फोडताक्षणी सोडविणाऱ्या विकरांना अटकाव केला नाही तर पुरावाच नाहीसा होतो.

स्थाननिश्चितीची मुख्य युक्ती ट्रिप्सिन या विकरावर उभी आहे. ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी लायसीन व आर्जिनीन यांच्यापाशी कापते. मात्र ज्या लायसिनावर युबिक्विटिन बसलेले असते तेथे त्याचा घाव लागत नाही, आणि युबिक्विटिनची दोन ग्लायसिने तेवढी त्या लायसिनावर शिल्लक राहतात. या अवशेषाचे वजन सुमारे ११४ डाल्टन. मास स्पेक्ट्रोमीटर प्रथम त्या तुकड्याचे वस्तुमान मोजतो, मग तुकड्याचेही तुकडे करतो, आणि ही ११४ ची भर कोणत्या अमिनो आम्लापासून दिसू लागते यावरून जोडाची जागा निश्चित होते. याच मार्गाने २००३ साली हार्वर्डमधील संशोधकांनी यीस्टच्या ७२ प्रथिनांत ११० स्थाने दाखवून दिली. सुमोच्या बाबतीत मात्र हा मार्ग सरळ राहत नाही. मानवी सुमो-२ चा ट्रिप्सिनोत्तर अवशेष ३२ अमिनो आम्लांचा असतो, आणि एवढ्या लांब शेपटामुळे यंत्राचे वाचन दुर्बोध होते. म्हणून संशोधक सुमोच्या शेपटाजवळ मुद्दाम एक आर्जिनीन बसवितात, जेणेकरून ट्रिप्सिन तेथेच घाव घालील.

पुण्याच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फळमाशीच्या ‘एस-२’ पेशींना जीवाणूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइडला सामोरे जावयास लावून सुमो-संपन्न अर्क तपासण्यात आला. त्यात १६१९ प्रथिने ओळखली गेली, आणि त्यांतील ७१० विश्वासार्ह मानण्यात आली. अर्कात आढळले म्हणजे सुमो जोडलेलाच होता असे सिद्ध होत नाही. म्हणून काही निवडक प्रथिनांवर दुसरी कसोटी लावली गेली. मूळची सुमो-यंत्रणा नसलेल्या जीवाणूत ती यंत्रणा व संशयित प्रथिन एकत्र घडवून जोड खरोखर होतो की काय, हे पाहण्यात आले. रोगप्रतिकारक संदेशाला लगाम घालणारे कॅस्पर हे प्रथिन या कसोटीस उतरले, आणि त्याच्यावरील जोडाची जागा लायसीन क्रमांक ५५१ ही ठरली.

क्रमांक हाती आला की प्रयोगास अधिकार प्राप्त होतो. लायसिनाच्या जागी आर्जिनीन बसविले तर विद्युत्भार जवळजवळ तोच राहतो, जोड मात्र अशक्य होतो. उर्वरित प्रथिन अबाधित. त्याच यादीतील ‘जेआरए’ या प्रथिनाची २९ व १९० क्रमांकांची लायसिने अशा रीतीने बदलून, जनुकसंपादनाने सुमोविहीन ‘जेआरए’ असलेल्या माशा या गटाने निर्माण केल्या, आणि २०२२ साली निष्कर्ष मांडला की स्यूडोमोनास एंटोमोफिला या जीवाणूच्या संसर्गापुढे या माशा अधिक दुबळ्या पडतात. सुमो एरवी या प्रथिनाचा जोर आवरून धरतो. तो आवर सुटल्यामुळे आतड्यातील प्रतिकाराचा तोल बिघडतो.

यादी आणि हा निष्कर्ष यांच्यामध्ये सात वर्षे गेली. यंत्राची शक्ती वाढेल तसतशी नावांची यादी वाढत जाईल, यात संशय नाही; परंतु त्यातील प्रत्येक स्थानाचा अर्थ जिवंत प्राण्यालाच विचारावा लागतो, आणि तो विचारण्याची सोय क्रमांक निश्चित झाल्यावाचून होत नाही.