कल्पित खेळयंत्र आणि खरा इतिहास

गतवर्षी अंबरनाथ तालुक्यातील एका शाळेस भेट दिली असता सातवीच्या भित्तिपत्रकावरील एक सुबक लेख माझ्या वाचनात आला. ‘उल्हास’ नावाचे व्हिडिओ गेमचे यंत्र इ.स. १९७० मध्ये उल्हासनगरच्या एका कारागिराने तयार केले. ते दूरदर्शनसंचास जोडून मुले आगगाडीचा खेळ खेळत. पुढे ते बदलापुरापर्यंत पोहोचले, अशी हकीकत त्यात होती. ती मला इतकी आवडली की, पुढील शिक्षण परिषदेत मी ती खरी म्हणून सांगितली. तेव्हा एका शिक्षिकेने नम्रपणे विचारले, “साहेब, मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मग १९७० साली येथे संच कोणाच्या घरी होता?” लेख मुलांनी कल्पनेने रचलेला होता. अनेक वर्षे इतिहास शिकविलेला मी फसलो होतो.

मी का फसलो? गाव ओळखीचे होते, सन नेमका होता आणि उल्हासनगरात कोणतीही वस्तू हुबेहूब बनते, ही ख्याती मनात होती. असे इतरत्रही घडले आहे. ‘पॉलिबियस’ नावाचे एक गूढ खेळयंत्र १९८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात होते, असे पुष्कळ लोक मानीत आले. परंतु ते अस्तित्वात असल्याचा पुरावा मिळालेला नाही. आज अशी बनावट हकीकत मुलांच्या हाती भ्रमणध्वनीवरून रोज येते. म्हणून तिची घडण त्यांनी स्वतः करून पाहणे हितावह होय.

हा पाठ पुढील क्रमाने घ्यावा.

प्रथम फळ्यावर खरी माहिती लिहावी. घरी खेळावयाचे पहिले व्हिडिओ गेम यंत्र ‘ओडिसी’ १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. त्यास आवाज नव्हता. रंगीत देखाव्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे पडद्यावर लावावे लागत. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे आठ बिटचे यंत्र काढले. ही कंपनी १८८९ मध्ये खेळण्याचे पत्ते बनविण्यासाठी निघाली होती! त्या यंत्राच्या नकला जगभर झाल्या. भारतात ‘समुराई’ या नावाने विकले गेलेले यंत्र त्याच जातीचे होते.

नंतर मुलांचे गट करून प्रत्येकास एक कल्पित यंत्र व त्याचा इतिहास रचावयास सांगावे. अट एवढीच की, फळ्यावरील कोणत्याही खऱ्या गोष्टीस बाध येऊ नये. यंत्राच्या मर्यादाही लिहाव्यात : रंग किती, आवाज होता की नाही, वीज कोठून येई. लेखाच्या शिरोभागी ‘कल्पित’ हा शब्द ठळक अक्षरांत असावा. आमच्या भित्तिपत्रकावर नेमका तोच राहिला होता.

शेवटी गटांनी लेखांची अदलाबदल करावी व प्रत्येक विधानापुढे ‘यास पुरावा काय?’ असे लिहावे. येथे आपल्याच परिसरातील उदाहरण द्यावे. अंबरनाथचे शिवमंदिर इ.स. १०६० चे, असे आपण म्हणतो, कारण तेथील शिलालेखात शके ९८२ हा काल कोरलेला आहे. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून ‘बदलापूर’, असेही आपण सांगतो; ती मात्र लोकांच्या तोंडची कथा होय. कथा टाकून द्यावयाची नाही. तिला कथा म्हणून सांगावयाचे, एवढेच.

मुलांच्या कल्पनेस आवर घालणे हा या पाठाचा हेतू नव्हे. कल्पना मोकळी सोडावी आणि प्रश्न जागा ठेवावा. त्या परिषदेत त्या भगिनीने मला जो प्रश्न केला, तो आपल्या वर्गातील सातवीच्या मुलाने आपणास केला, तर पाठ सफल झाला असे समजावे.