अमेरिकेचा आरंभीचा इतिहास आणि संशोधन फेलोशिप

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. चाळीस वर्षांनी, १९१३ मध्ये, महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. म्हणजे अमेरिकेचा इतिहास आपणांस परका नाही. त्यावर संशोधन करावयाचे तर वाट कोणती, हे विद्यार्थ्यांसाठी येथे थोडक्यात देत आहोत.

शिष्यवृत्ती बहुधा पदवीसाठी मिळते. फेलोशिप ठरावीक विषयाच्या संशोधनासाठी. वसाहतींच्या काळापासूनची वृत्तपत्रे, पत्रके, हस्तलिखिते अमेरिकेतील काही ग्रंथालयांनी जपली आहेत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३१ साली स्थापलेली फिलाडेल्फियाची लायब्ररी कंपनी आणि वूस्टर येथील १८१२ सालची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी ही त्यांतील प्रमुख. तेथे राहून कागद वाचण्यासाठी या संस्था फेलोशिप देतात. काही महिना-दोन महिन्यांच्या, काही दीर्घ मुदतीच्या असतात.

निवडीसाठी केवळ गुण पुरत नाहीत. संशोधनाचा आराखडा आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. याच ग्रंथालयातील कोणते कागद आपणांस का पाहावयाचे आहेत, हे आराखड्यात स्पष्ट हवे.

असा प्रश्न आपल्या वाचनातूनच सुचतो. गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन १८४५ साली निघाले. त्याला प्रस्तावना विल्यम लॉइड गॅरिसन या गोऱ्या पुढाऱ्याची होती. स्वतःचे दुःख सांगणाऱ्या माणसाला दुसऱ्याची साक्ष का जोडावी लागली? दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) वाचलेल्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे मोल कळेल.

बुलडाणा जिल्ह्यातील विद्यार्थी अमरावती विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी करून फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिपसाठी प्रयत्न करू शकतो. परदेशात पूर्ण पदवी घ्यावयाची असल्यास केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारताचा इतिहास, संस्कृती व समाज यांवरील विषय वगळले गेले, हे ध्यानात ठेवावे. नियम बदलतात, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

तयारी मात्र बी.ए.पासूनच हवी. रोज थोडे इंग्रजी वाचन, टिपणे काढण्याची सवय आणि एक प्रश्न चिकाटीने धरून ठेवणे, एवढे आजपासून करता येईल. पालकांनी व सभासदांनी अशा मुलांना अर्जाच्या आणि पासपोर्टच्या खर्चासाठी वेळेवर हातभार लावावा.